मुनीमकाकांची सायकल : जुनीला मोटर बसवावी की तयार ई-सायकल घ्यावी?

परभणीच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम असलेले एक गृहस्थ आहेत, वय अठ्ठावन्न. सगळे त्यांना मुनीमकाका म्हणतात, इथंही तेच म्हणतो. गाव गंगाखेड रस्त्याच्या अंगाला, शहरापासून अकरा किलोमीटर. त्यातला शेवटचा किलोमीटरभर पाणंदीचा. रोजचं येणं-जाणं सायकलवर. सायकल अठ्ठावीस इंची, काळी, रॉड ब्रेकची, मागं रुंद कॅरिअर, पुढं दांड्यावर नातवासाठी बसवलेली छोटी सीट.

गेली दोन वर्षं उजवा गुडघा धरतो. डॉक्टरांनी सांगितलं की पाय हलता राहू द्या, पण वाऱ्याच्या तोंडावर आणि चढाला जोर लावू नका. मोटारसायकल त्यांना नको. लायसन्स कधी काढलं नाही आणि आता काढायची इच्छा नाही. शिवाय परभणीचं पेट्रोल. मनमाडच्या डेपोतून टँकर इथवर येईपर्यंत वाहतुकीचा खर्च चढतो, म्हणून राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल कुठं या बातमीत आमच्या शहराचं नाव कायम असतं. आडतीवर हमालापासून मालकापर्यंत सगळ्यांना तो भाव पाठ.

माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. मुख्य धंदा पाणबुडी मोटारी भरण्याचा. पावसाळ्यात तो मंदावतो, तेव्हा साध्या सायकलीला विजेवर चालवणारं किट (मोटर, तिला वीज बेतानं देणारा कंट्रोलर, ब्रेकच्या मुठी) बसवायला लागलो आणि ते काम आता बाराही महिने येतं. काका आले ते मोबाइलवर एक व्हिडिओ घेऊन. दहा हजारांत सायकल इलेक्ट्रिक झाली, असं त्यात एक पोरगा सांगत होता. काकांच्या मुलाचं म्हणणं वेगळं होतं: तयार ई-सायकल घ्या, हप्ते मी भरतो.

"भाऊ, पोरगं म्हणतंय नवी घ्या. मी म्हणलो, ही चांगली चालायली की, कामून मोडीत काढू? तुम्ही सांगा, हिला बसतंय का नाही?"

पहिलं काम गरज मोजण्याचं. काकांचं वजन अडुसष्ट किलो, सायकल आणि डबा-पिशवी धरून एकूण नव्वदच्या आसपास. परभणीची जमीन सपाट, रस्त्यात एका पुलाचा चढ सोडला तर काही नाही. असा माणूस ताठ बसून ताशी वीसच्या वेगानं सपाट रस्त्यावर चालला तर चाकावर साधारण शंभर ते सव्वाशे वॅट लागतात. त्यातला निम्म्याहून जास्त भाग नुसती हवा कापण्यात जातो, म्हणून वारा समोरून असला की गुडघा बोलतो. वेग पंचवीसवर नेला की हीच गरज पावणेदोनशे-एकशे ऐंशीवर जाते. म्हणजे काकांना २५० वॅटची मोटर पुरून उरते. ३५० आणि ५०० वॅटची किटं सर्रास मिळतात आणि गिऱ्हाइकालाही तीच हवी असतात, पण इथं त्यांचं काही काम नाही. हेच काका अंबाजोगाईत राहत असते आणि रोज बालाघाटाचा उतार-चढ असता, तर माझा सल्ला बदलला असता. लांब चढावर हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसणारी मोटर, हळू फिरते, तापते, आणि बॅटरी खाते.

जुन्या सायकलचं काय झालं

काकांचा जीव तिच्यात होता, म्हणून तिथूनच सुरुवात केली. चाक काढून मेजावर ठेवलं आणि आरे मोजायला काकांनाच लावलं. मागच्या चाकाला चाळीस, पुढच्याला बत्तीस. आपल्याकडच्या जुन्या धाटणीच्या सायकलींना हेच प्रमाण असतं. बाजारात मिळणाऱ्या हब मोटरला भोकं छत्तीस. म्हणजे काकांच्या रिममध्ये मोटर विणताच येत नाही. किटसोबतची छत्तीस आऱ्यांची ॲल्युमिनिअमची रिम घालावी, तर दुसरी अडचण उभी राहते. रॉड ब्रेकचे गुटके रिमच्या बाजूला लागत नाहीत. ते रिमच्या आतल्या अंगाला, आऱ्यांच्या बाजूनं, वर ओढले जाऊन बसतात. त्यासाठी रिमची ती कड वेगळ्या आकाराची असावी लागते. ॲल्युमिनिअमच्या रिमला ती कड नसते. मोटर बसली, पण ब्रेक गेला.

यावर गावोगाव जो उपाय चालतो तो मी पाहिलाय: मागचा ब्रेक काढून टाकायचा आणि पुढच्यावर भागवायचं. तसली सायकल माझ्या दुकानातून बाहेर जाणार नाही. किटच्या ब्रेकच्या मुठीत एक स्विच असतो. मूठ दाबली की मोटर तत्क्षणी बंद. रॉड ब्रेकच्या मुठीला तो स्विच लावायची सोय नाही. मोटर पुढं ढकलतेय आणि माणूस ब्रेक दाबतोय, हे मोंढ्याच्या गर्दीत बैलगाडीच्या मागं व्हायला नको.

पुढच्या चाकात मोटर घालायचाही विचार झाला. चिमटा लोखंडी होता, थोडा उघडला असता. पण ब्रेकचा प्रश्न तिथंही तोच, आणि पाणंदीच्या चिखलात ओढणारं चाक पुढं असलं की ते जागेवरच घसरतं.

आणखी एक गोष्ट काकांना हातात देऊन दाखवली, कारण किट घेणाऱ्या कुणालाच ती ठाऊक नसते. हब मोटरचा आस गोल नसतो, दोन बाजूंनी सपाट तासलेला असतो. मोटर चाकाला पुढं फिरवते तेव्हा तेवढाच झटका आसाला मागं बसतो आणि तो सगळा त्या दोन सपाट बाजूंवर येतो. फ्रेमच्या खाचेत त्या घट्ट बसल्या नाहीत, किंवा नट सैल झाला, तर आस जागच्या जागी गर्रकन फिरतो. वायर आसाच्या पोटातूनच बाहेर आलेली असते: तीन जाड, पाच बारीक. ती पिळवटून तुटते, कधी एकमेकींना चिकटून कंट्रोलरही घेऊन जाते. म्हणून मी सहा मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीला आसाच्या मापाची खाच पाडून घेतो, पट्टीचं एक टोक आसात आणि दुसरं फ्रेमच्या नळीला आवळतो. ही पट्टी बसवल्याशिवाय सायकल चालू करायची नाही. काकांच्या जुन्या फ्रेमची मागची खाच अरुंद निघाली. ती कानशीनं घासून रुंद करावी लागली असती, आणि तीस वर्षं भार सोसलेल्या पत्र्यावर कानस चालवायला माझं मन तयार नव्हतं.

काका ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे हिला नाही म्हणता." हो, हिला नाही.

तयार सायकल

मग मुलाची बाजू. आम्ही तिघं दुकानात गेलो, काकांनी एक चक्कर मारली. किंमत बत्तीस हजार. सायकल खरंच चांगली होती. पुढं-मागं डिस्क ब्रेक, मुठीत स्विच, वायरी फ्रेमच्या आतून, दिवा, हॉर्न, वजन साधारण एकवीस किलो. फ्रेम मोटरचा ताण धरूनच बनवलेली. सगळ्यात मोठी जमेची बाजू कायद्याची.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २(यू) प्रमाणं बॅटरीवरचं दुचाकी वाहन मोटार वाहन न धरलं जाण्यासाठी अटी आहेत. मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, योग्य ब्रेक, पुढं पांढरा आणि मागं लाल रिफ्लेक्टर. आणि हे सगळं नियम १२६ मध्ये नेमून दिलेल्या चाचणी संस्थेनं, जशी पुण्याची एआरएआय आहे, पडताळलेलं असलं पाहिजे. कंपनी ते करून घेते. मग नंबर नको, लायसन्स नको, विमा नको. घरी किट बसवलेल्या सायकलकडं मोटर आणि वेग अटीत असले तरी तो कागद नसतो. रस्त्यात कुणी अडवत नाही ही गोष्ट वेगळी. अपघात होऊन प्रकरण कोर्टात गेलं तर समोरचा वकील पहिला प्रश्न कागदाचाच विचारणार. ५०० वॅटवाल्यांना तर उत्तरच नाही, ते सरळ विनानोंदणीचं मोटार वाहन झालं. किट विकणारे हे सांगत नाहीत. मी काकांना दुकानात बसवून दोनदा सांगितलं, मुलालाही.

एवढं असून काकांनी तयार सायकल का घेतली नाही?

पहिला प्रश्न त्यांनी विक्रेत्याला केला तो असा: "कॅरिअर कुठंय?" नव्हतं. मागं कॅरिअर लावायला फ्रेमला भोकंही नव्हती. स्टँड बाजूचा, बोटाएवढा. मोंढ्यातून परतताना काकांच्या सायकलवर कधी पेंडीचं अर्धं पोतं असतं, कधी काकू असतात. विक्रेता म्हणाला, ही स्पोर्ट मॉडेल आहे. काका काही बोलले नाहीत, पण ते तोंडावर दिसत होतं.

माझी हरकत बॅटरीवर होती. ती खालच्या नळीत घातलेली, ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-अवर, म्हणजे जेमतेम २८० वॅट-अवर (साठवलेल्या विजेचं माप, हजार वॅट-अवरचं एक युनिट). ठेचकळत, थांबत, वाऱ्यातून जाणाऱ्या सायकलला आमच्या रस्त्यावर किलोमीटरला दहा ते बारा वॅट-अवर धरावे लागतात. बावीस किलोमीटरचे झाले अडीचशेच्या आसपास. म्हणजे बॅटरी रोज जवळजवळ पूर्ण रिकामी होणार, नाहीतर दुपारी आडतीवर चार्ज करावी लागणार. आडतीचं छप्पर पत्र्याचं. परभणीचा मे महिना बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. लिथियमचे सेल पंचेचाळीस अंशांच्या वर चार्ज करू नयेत, हा साधा नियम तिथं रोज मोडला गेला असता.

आणि दुरुस्ती. कंट्रोलर गेला तर? विक्रेत्यानं सांगितलं, सायकल छत्रपती संभाजीनगरला पाठवू, आठ-पंधरा दिवस धरा. ती बॅटरी त्याच कंपनीची, त्याच आकाराची, त्याच प्लगची. चार वर्षांनी ते मॉडेल बंद झालं तर सायकल नुसती जड सायकल उरते. किटचा कंट्रोलर माझ्या फळीवर पडलेला असतो, तासाभरात बदलतो. हा मुद्दा पुणे-नाशिकच्या माणसाला कदाचित लागू होणार नाही, तिथं सर्व्हिस सेंटर जवळ आहे. परभणीच्या माणसाला तो पहिला लागू होतो.

शेवटी काय केलं

तिसरी सायकल शोधली. जुन्या बाजारातून सव्वीस इंची, लोखंडी फ्रेमची, बिनगिअरची, दोन्हीकडं रिमच्या बाजूला दाबणारे ब्रेक असलेली. मागच्या नळीला कॅरिअरची भोकं आहेत का, ते काकांनी आधी पाहिलं. तिला मागच्या चाकात ३६ व्होल्ट २५० वॅटची हब मोटर, दोन्ही बाजूंना पट्ट्या, आणि बॅटरी दांड्याखालच्या त्रिकोणात, किल्लीनं निघणारी.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली. ३२७०० मापाचे, म्हणजे बत्तीस मिलिमीटर जाडीचे आणि सत्तर मिलिमीटर उंचीचे, सहा अँपिअर-अवरचे चोवीस सेल. बारा एकापुढं एक, अशा दोन ओळी शेजारी-शेजारी. ३८.४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर, ४६० वॅट-अवर. तेवढीच ताकद नेहमीच्या लिथियम-आयनमध्ये किलोभर हलकी मिळाली असती. पण फॉस्फेटचे सेल उन्हाला जास्त सोसतात, चार्जच्या हजार-दीड हजार फेऱ्या सहज देतात, आणि बिघडले तरी भडकायला जड. २०२२ च्या उन्हाळ्यात ई-स्कूटरना आगी लागल्याच्या बातम्या काकूंनी टीव्हीवर पाहिल्या होत्या. "घरात बाँब नको" असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांचंही समाधान व्हायला हवं होतं. लेड-ॲसिडचं नाव मी काढू दिलं नाही. तीन बॅटऱ्यांचं दहा-बारा किलो वजन चिखलातून कोण ढकलणार?

खर्च असा पडला. सायकल २,५००, किट ९,८००, बॅटरी आणि चार्जर १३,५००, कॅरिअर, दुहेरी स्टँड, नवे टायर-ट्यूब, पट्ट्या मिळून १,४००, मजुरी १,२००. एकूण २८,४००. व्हिडिओतल्या दहा हजारांत बॅटरी नव्हतीच. ती धरली की किट आणि तयार सायकल यांत फरक उरतो तीन हजार सहाशेंचा, तो काही निर्णय फिरवण्याएवढा नाही. स्वस्त पडतं म्हणून किट बसवायला येणाऱ्याला मी हा कागद दाखवतो. निम्मे परत जातात, जाऊ देत.

रोजचा खर्च काकांनी स्वतः वहीत मांडला, मुनीमच ते. वीज ०.३ युनिट, म्हणजे फार तर तीन रुपये. त्यावर ते खूश झाले. मी म्हटलं, काका, बॅटरी झिजते ती कुठल्या खात्यात धरली? साडेतेरा हजार भागिले पाच वर्षं, वर्षाचे तीनशे दिवस: नऊ रुपये रोज. तयार सायकलच्या लहान बॅटरीला रोज जवळपास पूर्ण रिकामं व्हावं लागतं, ती तीन वर्षांत थकली आणि बदली बारा हजारांना पडली असं धरलं तर तेरा रुपये. म्हणजे विजेचा खर्च किरकोळ, खरा खर्च बॅटरीचा. मोटारसायकलला याच अंतराला नुसतं पेट्रोलच चाळीस-बेचाळीस रुपयांचं. काकांनी वहीत "घसारा" असा वेगळा रकाना पाडला.

मोटर चालू होण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. महागड्या सायकलींत पायाचा जोर मोजणारा सेन्सर असतो. जितका जोर लावाल तितकी मोटर मदत करते, चालवायला ते गोड वाटतं. स्वस्त किटातला सेन्सर एवढंच बघतो की पायडल फिरतंय का. जाणकार त्याला नावं ठेवतात. काकांना मात्र तोच हवा होता. गुडघ्यावर जोर न देता पाय नुसते गोल फिरवत राहायचे आणि भार मोटरनं घ्यायचा, डॉक्टरांनी सांगितलं होतं ते नेमकं हेच. एक्सलेटर ठेवलाय, पण तो पुलाच्या चढाला आणि सुटताना. मदतीच्या पाच पायऱ्यांपैकी काका दुसरीवर चालवतात.

बॅटरीचे नियम चार्जरच्या डब्यावर मार्करनं लिहून दिले. आल्या आल्या लावायची नाही, तासभर थंड होऊ द्यायची. रात्री जेवण झाल्यावर लावायची, झोपायच्या आधी काढायची. दुसरा कुठला चार्जर हिला नाही आणि हिचा चार्जर दुसऱ्या कशाला नाही. हा ४३.८ व्होल्टचा आहे. शेजारच्या पोराच्या ४२ व्होल्टवर पूर्ण भरणाऱ्या बॅटरीला तो लावला तर काम बिघडेल. त्या पोरानं मागितलाही होता.

पहिल्या पावसाळ्यानं दोन गोष्टी दाखवल्या. कंट्रोलरकडं येणाऱ्या वायरी वरून सरळ आत जात होत्या आणि वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत पोहोचलं. सायकल झटके देऊ लागली. प्लग वाळवला, वायरींना कंट्रोलरच्या खाली झोल दिला, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी येऊन ठिबकतं, आत शिरत नाही. दुसरी गोष्ट काळ्या मातीची. पाऊस पडून गेलेल्या पाणंदीत चाकाला माती अशी चढते की ब्रेकच्या गुटक्यांत आणि मडगार्डात गच्च भरून चाकच फिरेनासं होतं. तिथं मोटर चालवायचा हट्ट धरला तर ती जागेवर अडकून तापते. त्याला किटात इलाज नाही, तयार सायकलीतही नव्हता. आता त्या दिवसांत काका सायकल फाट्यावरच्या किराणा दुकानात ठेवतात, बॅटरी किल्लीनं काढून पिशवीत घालतात आणि चालत घरी जातात. साडेचार किलोचं ओझं आहे, पण घरी चार्ज होतं.

बाभळीच्या काट्यांची मला जास्त धास्ती होती, ती फुकट गेली. आपले पंक्चरवाले चाक न काढताच एका बाजूनं ट्यूब ओढून जोड लावतात, मोटर असली काय नसली काय. टायरच बदलायचा असेल तेव्हा मात्र मोटरचा प्लग सोडवून चाक काढावं लागतं, ते माझ्याकडंच करा असं सांगितलंय. नट दर महिन्याला आवळायचे, मोठा पान्हा काकांनी विकत घेतलाय.

याच गल्लीतल्या एका नर्सताईंना मी उलटा सल्ला दिला. घर ते दवाखाना चार किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता, ओझं पर्सचं, रात्रपाळीला एकटीनं जाणं-येणं, आणि घरी जुनी सायकल नाही. त्यांना तयार ई-सायकल घ्यायला लावली. लहान बॅटरी त्यांना दोन दिवस पुरते, दिवा चांगला आहे, कागद पक्के आहेत. त्यांनी किटचा विचार करायचं काहीच कारण नव्हतं.

काकांची जुनी काळी सायकल नातवाला शिकायला दिलीय, तो अजून दांड्याखालून पाय घालून चालवतो. नव्या सायकलच्या दांड्यावर त्याची सीट बसली नाही, बॅटरी आड येते. तिच्यासाठी बॅटरीच्या डब्यावरून जाणारी क्लिप वेल्डिंगवाल्याकडं करायला टाकलीय. डब्याला भोक न पाडता ती बसली तर बसवू, नाहीतर नाही.